दारूचे व्यसन वारशाने येते का? आणि बापाने सोडली तर मुलांचे काय?

वर्तकनगर परिसरात काम करताना तरुण मुले आम्हाला हमखास विचारतात, "आजा प्यायचा, बाप पितो, मग मीही पिणारच का?"

व्यसन वारशाने येत नाही. त्याचा धोका मात्र काही प्रमाणात येतो. जुळ्या व दत्तक मुलांच्या अभ्यासांवरून या धोक्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असल्याचे दिसते. डोनाल्ड गुडविन यांनी १९७३ साली डेन्मार्कमधील दत्तक मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे जन्मदाते व्यसनी होते, त्यांच्यात दारूच्या आजाराचे प्रमाण १८ टक्के निघाले, इतरांत ५ टक्के. म्हणजे वारसा आहेच. पण १०० पैकी ८२ जणांना तो आजार तिशीपर्यंत झालेला नव्हता, हेही त्याच आकड्यात आहे.

दारूचे असे एकच जनुक नसते, अनेक जनुके थोडाथोडा हातभार लावतात. "मला चढतच नाही" म्हणून मिरवणारा मुलगा उलट जास्त धोक्यात असतो.

"यांच्या रक्तातच दारू आहे" असे आपल्या वस्त्यांबद्दल सहज बोलले जाते. जन्मावरून गुण-अवगुण ठरवण्याची ही जुनीच खोड आहे. आनुवंशिकतेचे आकडे एका समाजाची दुसऱ्याशी तुलना करण्यासाठी नसतातच. घरातली मारहाण, लहान वयातला पहिला घोट, बेकारी, नाक्यावरचे दुकान यांचा वाटा कोण मोजणार?

आई किंवा बाप सावरल्यावर काय होते? अमेरिकेत रुडॉल्फ मूस व सहकाऱ्यांना १९८० च्या दशकात असे आढळले की, सावरलेल्या पालकांची मुले मानसिकदृष्ट्या व्यसन नसलेल्या घरांतल्या मुलांसारखीच असतात. जिथे पिणे चालूच राहिले, तिथली मुले जास्त उदास व चिंताग्रस्त होती. पण सुरुवातीचे महिने अवघड जातात. जिने भावंडांचे डबे भरले, आईला सांभाळले, त्या मुलीला बाप अचानक हुकूम सोडू लागला की पटत नाही. तिने मोडलेल्या शपथाही पाहिलेल्या असतात. तिच्या रागाला कृतघ्नपणा म्हणू नये.

पंचशीलातले पाचवे शील आणि २२ प्रतिज्ञांतली १७ वी आपण सगळेच म्हणतो. तरीही विहारात पिणाऱ्याला हिणवले, तर तो विहारात येणे थांबवतो, पिणे नाही.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही संस्था आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना फी नसते. कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन आणि किशोरांसाठी अलाटीन हे गट आहेत. नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि टेलिमानस १४४१६ मोफत आहेत. बाप तयार नसला तरी मुलगा किंवा मुलगी स्वतःसाठी फोन करू शकते.