करडे पत्रक आणि रंगाची साक्ष

अड्याळ ज्या तालुक्यात मोडते, त्या तालुक्याचे ठाणे असलेल्या प्राचीन पवनी नगरीत १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन करून जगन्नाथ टेकडी येथील स्तूपाचे अवशेष उजेडात आणले. उत्खननात मातीचा थर एकदा काढला की तो पुन्हा पाहावयास मिळत नाही. त्याच्या रंगाची साक्ष नोंदीत व छायाचित्रातच उरते. परंतु एकच माती कोवळ्या उन्हात तांबूस, तर सावलीत निळसर उमटते. म्हणून त्याच उजेडात करडे पत्रक ठेवून छायाचित्र घेण्याचा प्रघात पडला. कोडॅक कंपनीच्या पत्रकाची करडी बाजू १८ टक्के, तर पांढरी ९० टक्के प्रकाश परावर्तित करी. हे प्रमाण प्रकाशमापनासाठी होते. अंकीय कॅमेऱ्यात रंगाचा समतोल साधताना कसोटी निराळी ठरते : पत्रकाने तांबडा, हिरवा व निळा प्रकाश समप्रमाणात परावर्तित केला पाहिजे. पत्रक किंचित पिवळे पडले असेल, तर प्रकाशमापन बहुधा बिघडत नाही. माती मात्र निळसर दिसू लागते. सारांश, रंगाच्या पुराव्याचे मोल पत्रकाच्या तटस्थतेपलीकडे जाऊ शकत नाही.