जुन्या गाडीत साउंड डॅम्पिंग कसं करायचं? माझी चूक तुम्ही करू नका

आमची गाडी २००८ची हॅचबॅक. वेग ८०च्या वर गेला की मागे बसलेल्या आईचं बोलणं पुढे ऐकू यायचं नाही. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मी घरीच चारही दारांना साउंड डॅम्पिंग केलं. काम जमलं, पण एक चूक महागात पडली. तीही सांगतो.

हे काम कसं करतं?

दाराचा पातळ पत्रा हादऱ्यांनी ढोलासारखा थरथरतो. त्यावर ब्यूटाइल रबरची शीट चिकटवतात. तिच्या वर अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो. पत्रा हलला की मधलं रबर ताणलं जातं आणि कंपनाची ऊर्जा किंचित उष्णतेत बदलते. डांबरी शीट स्वस्त असते, पण उन्हात मऊ पडते आणि वास मारते.

वाऱ्याचा आवाज मात्र फटीतून येतो, तो शीटने थांबत नाही. कागदाची पट्टी दारात अडकवून दार लावा. पट्टी सहज ओढली गेली तर आधी दाराचं रबर बदला.

कसं लावायचं?

१. दाराचा आतला ट्रिम काढा. प्रत्येक स्क्रूचा फोनवर फोटो घ्या. दारात एअरबॅगची वायर किंवा सेन्सर असेल तर मेकॅनिककडेच जा.

२. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. धूळ-तेलावर शीट टिकत नाही.

३. बोटाने टकटक करा. जिथे 'ठण्ण' वाजतं तिथे शीट लावा. सपाट पत्र्याचा पाव ते निम्मा भाग झाकला तरी पुरतं, त्यापुढे नुसतं वजन वाढतं.

४. शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरवा. हातमोजे घाला, फॉइलची कड ब्लेडसारखी कापते.

५. ट्रिम लावण्याआधी काच वर-खाली करून बघा.

माझी चूक

काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतंच. ते बाहेर जायला दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात. मी हौसेने अगदी खालपर्यंत शीट चिकटवली आणि ती बुजवली. जूनमध्ये वळणावर दारातून डुबुक-डुबुक ऐकू यायला लागलं. ट्रिम पुन्हा उघडला, तर तळाला गंज धरायला लागला होता. आवाज घालवायला गेलो आणि नवाच आवाज विकत घेतला!

फरक किती पडला?

फोनच्या डेसिबल अ‍ॅपचा आकडा अचूक नसतो. पण तोच फोन, तीच जागा, तोच रस्ता आणि तोच वेग ठेवला तर आधी-नंतरची तुलना करता येते. माझ्याकडे ७४चे ७१ झाले. आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल घट लागते, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको. पत्र्याची खडखड मात्र गेली.

बजेट कमी असेल तर पुढच्या दोन दारांपासून सुरुवात करा. आता आईचं मागून बोलणं नीट ऐकू येतं. "हळू चालव" हेसुद्धा!