सिझेरियनचे टाके आणि रक्तस्राव

सिझेरियनमध्ये बाळ काही मिनिटांत बाहेर येते. त्यापुढचा बराचसा वेळ टाके घालण्यात जातो. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला 500 ते 750 मिलिलिटर रक्त फिरत असते, त्यामुळे इथे हात रेंगाळून चालत नाही. शस्त्रक्रियेत 1,000 मिलिलिटरहून अधिक रक्त गेले, की तो अतिरक्तस्राव मानण्याचा प्रघात आहे.

एकोणिसाव्या शतकात बहुतेक डॉक्टर गर्भाशय न शिवताच पोट बंद करीत आणि बहुतेक बाया दगावत. 1876 मध्ये इटलीच्या एदुआर्दो पोरो यांनी रक्तस्राव थांबवण्यासाठी गर्भाशयच काढून टाकले. 1882 मध्ये जर्मनीच्या माक्स सेंगर यांनी चांदीच्या तारेने आणि रेशमाने ते शिवून दाखवले. आजची रीत तिथून सुरू होते.

आता गर्भाशयावरचा छेद आडवा आणि खालच्या भागात असतो. पहिला टाका छेदाच्या कोपऱ्याच्या थोडा पलीकडे घेतात. छेद फाटत बाजूला गेला तर गर्भाशयाच्या धमनीशी तिथेच गाठ पडते, आणि कोपरा सुटला तर पोटाच्या आत गुपचूप रक्त साठत राहते. पुढे विरघळणाऱ्या धाग्याची एक किंवा दोन थरांची शिवण, त्यावर पोटाचे आवरण, मग त्वचा. पोट मिटण्यापूर्वी सिस्टर रक्त टिपायचे मॉप मोजून आकडा मोठ्याने सांगते.

एक थर की दोन, धागा कॅटगटचा की व्हिक्रिलचा, हा वाद जुना. भारतासह सात देशांतल्या सुमारे 16 हजार स्त्रियांवर झालेल्या ‘कोरोनिस’ अभ्यासाने 2013 मध्ये दाखवले की सुरुवातीच्या आठवड्यांतल्या गुंतागुंतीवर या निवडींचा लक्षणीय परिणाम होत नाही. वादाला मिळालेली शाई जरा जास्तच होती, असे म्हणायला हरकत नाही.

कारण रक्त बहुधा टाक्यातून जातच नाही; गर्भाशय आकुंचन पावत नाही म्हणून जाते. त्यावर ऑक्सिटोसिन, मिसोप्रोस्टॉल, तीन तासांच्या आत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. औषधांनी भागले नाही, तर ख्रिस्तोफर बी-लिंच यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेला टाका: झोळीच्या पट्ट्यांसारखा धागा गर्भाशयावरून घेऊन ते आवळायचे. शेवटचा उपाय मात्र आजही पोरोंचाच.

अहिल्यानगर जिल्ह्यात या सगळ्याला अंतराची जोड मिळते. क्षेत्रफळाने राज्यातला हा सर्वांत मोठा जिल्हा. एका टोकाला अकोले तालुक्यातले घाट, दुसऱ्याला जामखेड. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायांना जोखमीची गरोदर बाई ओळखून वेळेत पुढे पाठवायला शिकवले. लोणीला प्रवरेचे रुग्णालय आणि 1984 पासून वैद्यकीय महाविद्यालय आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातली चारातली एक प्रसूती सिझेरियनने झालेली दिसते. म्हणजे पोटावर जुना व्रण असलेल्या गरोदर बायाही वाढणार.

घरी गेल्यावरही, बारा आठवड्यांपर्यंत, रक्तस्राव उद्भवू शकतो. तासाभरात पॅड भिजला, चक्कर आली किंवा ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणावर तर नाही ना, हे सोनोग्राफीत पाहून घ्यावे. असेल तर बाळंतपण रक्तपेढी असलेल्या रुग्णालयातच ठरवावे.