एकच नक्कल, दोन जागी

बीडमधल्या जुन्या इनामदार घरांत एक पत्र्याची पेटी असतेच. आमच्याकडेही आहे. तिच्यात दर्ग्याच्या खिदमतमाश जमिनीचा मुंतखब, काही पावत्या आणि आजोबांची उर्दू पत्रं. अब्बा ती पेटी माळ्यावरच ठेवायचे. जुलै १९८९ मधला बिंदुसरेचा पूर त्यांनी पाहिला होता.

मी शहाणपणा केला. सगळे कागद स्कॅन करून घरच्या संगणकात ठेवले आणि पेटीकडे पाहणं सोडलं. वर्षभराने हार्ड डिस्क टकटक वाजू लागली आणि संध्याकाळपर्यंत गेली. पेटी उघडली तर पत्रांना वाळवी लागलेली. मुंतखब वाचला, तीन पत्रं गेली.

मुंतखब हा शब्दच पाहा. अरबीत त्याचा अर्थ निवडून घेतलेला. इनामाची चौकशी होऊन निकाल लागला की गाव, क्षेत्र, कुणाच्या नावे आणि कोणत्या सेवेसाठी, एवढं लिहून तो इनामदाराला मिळे. मूळ नोंद हैदराबादच्या अतियात दफ्तरात राही. म्हणजे इनामदाराचं घर जळालं तरी दफ्तर होतं. १९४८ला संस्थान भारतात विलीन झालं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि घरातला कागद हरवलेली माणसं प्रमाणित नकलेसाठी हैदराबादच्या फेऱ्या मारत राहिली. आपल्या किती मशिदी-दर्ग्यांच्या जमिनींचे दावे या एका नकलेवर उभे आहेत, ते वकिलांना विचारा.

हे फक्त आपलंच दुखणं नाही. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदींसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातली निजामकालीन दफ्तरं उपसली गेली आणि शोध हैदराबादपर्यंत पोहोचला. एरवी ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्या उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना तहसीलमधून बोलावणी आली.

संगणकवाल्यांनी हीच युक्ती निराळ्या गरजेतून काढली. अमेरिकेतल्या टँडम कंपनीने १९७६ मध्ये कधी बंद पडू नये असा संगणक आणला. बँकांना तो हवा होता. त्यात प्रत्येक नोंद एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिता येई. १९८८ मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अशा रचनांना ‘रेड’ हे नाव देऊन पायऱ्या लावल्या. पहिली पायरी म्हणजे आरसा: जे या डिस्कवर, तेच त्या डिस्कवर. नावातलं एक अक्षर ‘स्वस्त’ या अर्थाचं होतं, म्हणून तर ते बीडच्या घरापर्यंत पोहोचलं. आता विंडोजमधल्या ‘स्टोरेज स्पेसेस’मध्ये किंवा लिनक्सवर दोन डिस्क जोडून हे फुकट करता येतं. दोन्ही डिस्क सारख्या आकाराच्या घ्या, कारण जागा लहान डिस्कइतकीच मिळते. शक्यतो दोन वेगळ्या दुकानांतून घ्या. एकाच खोक्यातल्या जुळ्या डिस्क कधी कधी एकाच सुमारास दगा देतात.

मी तसं केलं. पण आरशाचा एक स्वभाव उशिरा कळला. भाच्याने चुकून एक फोल्डर पुसलं, ते दोन्हीकडून त्याच क्षणी गेलं. आरसा डिस्क मरण्यापासून वाचवतो, माणसाच्या हातापासून नाही. व्हायरसपासून नाही, पुरापासूनही नाही, कारण दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच खोलीत. आणि एक डिस्क गेली तरी संगणक चालूच राहतो, त्यामुळे महिनोन्महिने पत्ताच लागत नाही. अधूनमधून स्थिती उघडून पाहावी लागते.

जुन्या दफ्तराने हे आधीच केलेलं होतं: एक नोंद बीडला, दुसरी चारशेच्या आसपास किलोमीटर लांब, वेगळ्या माणसांच्या हातात.

आता तिसरी नक्कल एका सुट्या डिस्कवर आहे. ती अंबाजोगाईला आपाच्या कपाटात असते. दर ईदला मी ती घरी आणतो, नवे कागद चढवतो आणि शीरखुर्म्याच्या डब्याबरोबर परत पोहोचवतो. आपा म्हणते, डबा परत येत नाही, डिस्क मात्र येते.