काडीच्या पुलामागचे आकडे

बाल्साच्या काड्यांचे पूल आणि मनोरे बांधायचे, मग वजने ठेवत ठेवत ते मोडायचे, अशा स्पर्धा आता आपल्या मुलांच्याही परिचयाच्या झाल्या आहेत. हल्ली काडी चिकटवण्याआधी संगणकावर आकृती काढतात, लाकडाचा ताठपणा भरतात, आणि कोणती काडी आधी दगा देईल ते पडद्यावर पाहतात. चित्र नवे असले तरी त्यात भरायचा आकडा जुना आहे, आणि तो मिळवताना लोकांनी पुष्कळ लाकूड मोडले आहे.

१७४० च्या सुमारास फ्रान्समध्ये ब्युफाँने ओकच्या तुळया मोडायला घेतल्या. लहान तुकड्यांवर त्याचे समाधान होईना, म्हणून त्याने इमारतीत घालतात तशा मोठ्या तुळयांवर वजने लादली. एकाच जातीचे लाकूड जितके जड तितके बळकट, हा त्याचा निष्कर्ष सुताराला नवा नव्हता. पण आता त्याच्या मागे मोजमाप होते.

बळकटपणा वेगळा आणि ताठपणा वेगळा. काडी मोडते केव्हा हा एक प्रश्न, ती किती वजनाला किती झुकते हा दुसरा. १६७८ मध्ये हूकने ताण आणि वाढ यांचे प्रमाण सांगितले होते. १८०७ मध्ये थॉमस यंगने त्यावरून पदार्थाच्या ताठपणाचे माप मांडले. डिप्लोमाला ‘ई’ म्हणून पाठ केलेले ते हेच. १८११ मध्ये फ्रेंच नौदलाचा अभियंता द्युपँ कॉर्फू बेटावर लाकडी तुळया वाकवून दाखवत होता, की जाडी दुप्पट केली तर झुकणे आठपट कमी होते.

मनोऱ्याच्या बाबतीत मात्र खरा गुरू ऑयलर. उंच, बारीक खांब चिरडण्याआधी बाजूला वाकतो, हे त्याने १७४४ मध्येच गणिताने दाखवले. ३ मि.मी. चौरस, २० सें.मी. लांब बाल्साची काडी घ्या. पुस्तकात बाल्साचा ताठपणा सुमारे ३,४०० मेगापास्कल दिलेला असतो. हिशेब केला तर ती ६०० ग्रॅमच्या आतच वाकते. मध्यावर आडवी काडी देऊन तिला दोन्ही दिशांनी धरले, की तीच सव्वादोन किलोपर्यंत जाते. मांडव घालणारा कारागीर उंच वाशाला मध्ये आडवा बांबू बांधतो तो याचसाठी, ऑयलर न वाचता!

बाल्साच का? सागाचा ताठपणा बाल्साच्या तिप्पट, पण वजनही साडेतीनपट. म्हणून सारख्याच वजनाचे आणि उंचीचे चौरस खांब केले, तर बाल्साचा खांब जाड होतो आणि वाकण्याआधी सागाच्या तिपटीहून जास्त भार घेतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘मॉस्किटो’ विमानाने हाच गुण वापरला. १९४० मध्ये प्रथम उडालेल्या या विमानाच्या धडाच्या भिंतीत बर्च प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा भरलेला होता.

शेकडो काड्यांचा हिशेब हाताने करणे अवघड. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी १९५६ मध्ये विमानाच्या रचनेसाठी ती लहान तुकड्यांत मांडून ताठपणा जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली; १९६० मध्ये क्लफने तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले. आजची बरीचशी सॉफ्टवेअर्स त्याच वाटेने जातात.

अडचण आहे ती लाकडाचीच. बाल्साची एक काडी दुसरीच्या दुपटीने जड निघू शकते, आणि ताठपणाही तसाच बदलतो. सगळ्या काड्यांना पुस्तकी सरासरी लावली, तर संगणक चुकीच्या काडीकडे बोट दाखवणार. म्हणून माझ्या मते मुलांना संगणकाआधी तराजू द्यावा. काड्या तोलून त्यांचे गट पाडावेत. प्रत्येक गटातली एक ३ मि.मी.ची काडी ३० सें.मी. अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवून मधोमध २० ग्रॅम टांगावेत. ती जवळजवळ ५ मि.मी. झुकली, तर पुस्तकातला आकडा तिला लागू. ८ मि.मी. झुकली, तर त्या गटासाठी ३,४०० ऐवजी सुमारे २,००० भरावेत आणि त्या काड्या मुख्य खांबांना न वापरता आडव्या आधारांना वापराव्यात.