मांसास चोळावयाचे मसाले

मांसाचा अखंड वा मोठा तुकडा भाजण्यापूर्वी त्याच्या पृष्ठभागावर मीठ, कुटलेले मसाले व सुगंधी पाने यांचे मिश्रण चोळून ते काही काळ मुरू देण्याची पद्धत यूरोपात व यूरोपीयांनी वसविलेल्या प्रदेशांत प्राचीन काळापासून रूढ आहे. हे मिश्रण कोरडे असते किंवा तेल, मद्य, व्हिनेगर यांत कालवून ओलसर केलेले असते. महाराष्ट्रातील गोडा वा काळा मसाला रश्श्यात शिजून पदार्थाशी एकजीव होतो. चोळावयाचा मसाला मात्र बव्हंशी मांसाच्या बाहेरच राहतो आणि धगीने त्याचे खमंग कवच बनते. नाताळ, ईस्टर, सेंट मार्टिनचा सण (११ नोव्हेंबर) इ. प्रसंगी भाजल्या जाणाऱ्या मांसासाठी असे मसाले घरोघरी तयार करतात.

मसाल्यांचा हा वापर बिघडलेल्या मांसाची दुर्गंधी झाकण्यासाठी सुरू झाला, अशी एक समजूत दीर्घकाळ प्रचलित आहे. उपलब्ध पुराव्यांवरून ती टिकत नाही. मांस टिकविण्यासाठी मीठ चोळण्याची गरज, दुर्मिळ मसाल्यांना लाभलेली सामाजिक प्रतिष्ठा आणि परसातील सुगंधी पाल्याचा वापर, असे तीन निरनिराळे प्रवाह या मसाल्यांत एकत्र आले असून सणाच्या मांसात ते आजही ओळखता येतात.

प्राचीन काळ : मांसास मीठ चोळणे ही या पद्धतीची मूळ पायरी होय. मिठामुळे मांसातील पाण्याचा अंश बाहेर पडतो व सूक्ष्मजंतूंच्या वाढीस आळा बसतो. रोमन साम्राज्यात मिठाच्या जोडीला मिरीचा वापर वाढला. ॲपिसियसच्या नावावर असलेल्या व बहुधा इ. स. चौथ्या-पाचव्या शतकांत संकलित झालेल्या पाकग्रंथात भाजलेल्या मांसासाठी मिरी, जिरे, सताप व इतर सुगंधी वनस्पती वापरण्याच्या कृती विपुल आहेत. ही मिरी मुख्यतः मलबार किनाऱ्यावरून जात असे. प्लिनी (इ. स. २३–७९) याने पिंपळीचा भाव एका रोमन पौंडास १५ दिनार, पांढऱ्या मिरीचा ७ दिनार व काळ्या मिरीचा ४ दिनार दिला असून भारताच्या व्यापारात साम्राज्याचे दरवर्षी निदान पाच कोटी सेस्टर्स खर्ची पडतात, अशी तक्रार केली आहे.

मध्ययुग : सणाच्या भाजलेल्या मांसाची प्रथा कृषिजीवनातील ऋतुक्रमाशी निगडित होती. हिवाळ्यात सर्व जनावरांना पुरेल एवढी वैरण नसे. म्हणून नोव्हेंबरच्या सुमारास डुकरे व काही गुरे मारीत. त्यांतील बरेचसे मांस मीठ चोळून साठविले जाई व थोडे ताजे भाजून खाल्ले जाई. पुढे नाताळपूर्वीचा उपवासाचा काळ येई. तो संपताच नाताळची मेजवानी होत असल्याने तिच्यात मांसास विशेष महत्त्व आले. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासानंतर कोकराचे मांस भाजण्याची प्रथा याच प्रकारची आहे.

श्रीमंतांच्या स्वयंपाकघरांत या काळी मसाल्यांच्या तयार पुडी वापरात होत्या. सु. १३९३ मध्ये एका पॅरिसवासी वयस्क गृहस्थाने आपल्या तरुण पत्नीसाठी लिहिलेल्या गृहव्यवस्थेवरील ग्रंथात सुंठ, दालचिनी, लवंग, मेलेगेटा मिरी (पश्चिम आफ्रिकेतील वेलदोड्याच्या कुलातील एक तिखट बी) व साखर यांची बारीक पूड करण्याची कृती दिली आहे. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी सु. १३९० मध्ये संकलित केलेल्या पाककृतींत ‘कॉर्मरी’ नावाचा एक पदार्थ आहे. धने, शहाजिऱ्यासारखे कॅरवे हे बी, मिरी व लसूण तांबड्या मद्यात वाटून त्यात मीठ घालावयाचे, डुकराच्या कमरेच्या मांसास सुरीने टोचे मारून ते या मिश्रणात ठेवावयाचे व नंतर भाजावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. मसाला लावून मुरविलेल्या भाजक्या मांसाची ही यूरोपातील एक स्पष्ट व जुनी लेखी कृती होय.

बिघडलेल्या मांसाविषयीची समजूत : ही समजूत रूढ होण्यास जे. सी. ड्रमंड व ॲन विल्ब्रहॅम यांचा इंग्रजांच्या आहारावरील १९३९ चा ग्रंथ बऱ्याच अंशी कारणीभूत झाला. तिच्याविरुद्धचे आक्षेप सरळ आहेत. मध्ययुगात मिरी, लवंग, जायफळ हे मसाले मांसापेक्षा कितीतरी महाग होते. ते ज्याला परवडत त्याला ताजे मांसही सहज परवडे. जनावरे गावाच्या आसपासच मारली जात आणि अनेक नगरांतून नासके मांस विकणाऱ्या खाटकास जाहीर शिक्षा होई. शिवाय मसाल्यांनी चव झाकली, तरी नासलेल्या मांसाने होणारी विषबाधा टळत नाही. पॉल फ्रीडमन यांनी २००८ मधील आपल्या ग्रंथात मध्ययुगीन मसाल्यांची ओढ ही चव, प्रतिष्ठा, वैद्यक व पूर्वेविषयीच्या कल्पना यांतून उद्भवल्याचे दाखविले आहे. तत्कालीन वैद्यकानुसार मांस शीत व आर्द्र, तर मसाले उष्ण व रुक्ष मानले जात. त्यामुळे दोहोंचा मेळ आरोग्यास हितकर समजला जाई.

मसाल्यांची स्वस्ताई व तिची किंमत : वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतजवळ पोहोचला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकले. सतराव्या शतकात इंग्रज (१६००) व डच (१६०२) ईस्ट इंडिया कंपन्या व्यापारात उतरल्यावर मिरी यूरोपातील मध्यम वर्गाच्या आवाक्यात आली. सर्वच मसाले मात्र खुल्या व्यापाराने मिळत नव्हते. जायफळ व जायपत्री त्या काळी फक्त बांदा बेटांवर होत. त्यांची मक्तेदारी मिळविण्यासाठी डच कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून याने १६२१ मध्ये त्या बेटांवर स्वारी केली, तेथील सु. १५,००० रहिवाशांपैकी बहुतेक मारले गेले, उपासमारीने मेले वा हद्दपार झाले आणि जायफळाच्या बागा गुलामांकरवी चालविण्यात आल्या. लवंगेच्या बाबतीत अँबोइनाखेरीज इतर बेटांवरील झाडे तोडण्याचे धोरण कंपनीने अवलंबिले. एकोणिसाव्या शतकात झांझिबार व पेंबा येथील लवंगांच्या बागाही गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिल्या. झांझिबारमध्ये गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८९७ मध्ये संपुष्टात आली. सामान्य यूरोपीय कुटुंबाला नाताळच्या मांसावर लवंग व जायपत्री घरी कुटून लावणे शक्य झाले, त्यामागे हा इतिहास आहे.

मसाले सुलभ होताच उच्चभ्रू पाकशास्त्राने त्यांच्याकडे पाठ फिरविली. ला व्हारेन याच्या १६५१ मधील फ्रेंच पाकग्रंथापासून मांसाची मूळ चव राखण्यावर भर येऊ लागला; सुंठ, लवंग यांचे प्रमाण घटून थाइम, पार्स्ली, तमालपत्राच्या जातीचे बे पान यांसारख्या परसातील पाल्याला प्राधान्य मिळाले. नित्याच्या जेवणातून मसाले कमी झाले, तरी सणाच्या पदार्थांत ते टिकून राहिले. मध्ययुगीन चवीचे अवशेष म्हणूनच नाताळच्या खाद्यपदार्थांत अधिक आढळतात.

प्रादेशिक प्रकार : इटलीतील ‘पोर्केत्ता’ या प्रकारात हाडे काढलेल्या अखंड डुकरास आतून मीठ, मिरी, लसूण आणि रोजमेरी (लात्सिओ प्रांतात) किंवा रानबडीशेप (अंब्रिया प्रांतात) चोळून ते गुंडाळून बांधतात व भट्टीत सावकाश भाजतात. रोमजवळील आरिच्चा गावी १९५० पासून याचा उत्सव भरतो. तेथील पोर्केत्तास २०११ मध्ये यूरोपीय संघाचे भौगोलिक निर्देशाचे संरक्षण मिळाले. जर्मनीत व पोलंडमध्ये सेंट मार्टिनच्या दिवशी व नाताळात भाजावयाच्या हंसास मीठ व मार्जोरम चोळतात. जर्मनीत दवण्याच्या प्रजातीतील एक कडवट वनस्पतीही वापरतात. चरबीयुक्त मांस तिच्यामुळे पचनास सुलभ होते, असा समज आहे.

इंग्लंड व आयर्लंडमधील मसाल्याचे गोमांस हा टिकविण्याची क्रिया व सणाची चव यांचा संगम होय. हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या ग्रंथासारख्या अठराव्या शतकातील पाकग्रंथांत गोमांसास साखर, मीठ व सोरा चोळून ते रोज उलटून सु. दोन आठवडे मुरविण्याच्या कृती आढळतात. पुढे मिरी, लवंग, जायपत्री, ज्युनिपरची फळे व जमेकातील ऑलस्पाइस यांची भर घातलेला प्रकार नाताळसाठी प्रसिद्ध झाला. खारविलेल्या मांसाच्या निर्यातीचे मोठे बंदर असलेल्या आयर्लंडमधील कॉर्क शहरात तो आजही नाताळचा खास पदार्थ आहे. मात्र तो बहुधा भाजण्याऐवजी मंद आचेवर शिजवितात. त्यात लागणाऱ्या सोऱ्याचा मोठा भाग सतराव्या-अठराव्या शतकांत बिहारमधून जाई. तो मुख्यतः तोफांच्या दारूसाठी नेला जात असला, तरी त्याचा काही अंश स्वयंपाकघरांतही पोहोचे. एलिझाबेथ डेव्हिड यांच्या १९७० मधील ग्रंथामुळे घरी मसाला लावून असे मांस करण्याच्या पद्धतीकडे इंग्लंडमध्ये पुन्हा लक्ष वेधले गेले.

पोर्तुगीजांची ‘कार्ने दे व्हिन्या द आल्योश’ ही मद्य वा व्हिनेगर आणि लसूण यांत डुकराचे मांस मुरविण्याची पद्धत मादीरा बेटावर नाताळशी जोडलेली आहे. ती गोव्यात आल्यावर व्हिनेगर माडाच्या ताडीचे झाले. मिरी, जिरे, दालचिनी व लवंग यांच्याबरोबर अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आणलेली तांबडी मिरची आली आणि गोमंतकीय ख्रिस्ती समाजाचा ‘विंदालू’ तयार झाला. नावातील शेवटच्या अक्षरांचा बटाट्याशी संबंध नसून ती लसूण या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दापासून आलेली आहेत. १८३५ पासून मादीरातील मजूर ब्रिटिश गियानात गेले. तेथे हीच कृती ‘गार्लिक पोर्क’ या नावाने नाताळच्या सकाळचा पदार्थ बनली. एकाच मूळ कृतीचे हे दोन फाटे सणाच्या निमित्ताने जवळजवळ सारखेच जपले गेले आहेत.

जमेकात इंग्रजांनी १६५५ मध्ये सत्ता मिळविल्यानंतर मळ्यांतून निसटलेल्या व डोंगराळ भागात राहणाऱ्या मरून लोकांनी रानडुकराचे मांस ऑलस्पाइस, मिरची व मीठ लावून त्याच झाडाच्या लाकडावर भाजण्याची ‘जर्क’ ही पद्धत विकसित केली. यूरोपातील मसाल्यांचा वापर प्रतिष्ठेतून वाढला, तर हा प्रकार पाठलाग चुकविणाऱ्या लोकांच्या गरजेतून निर्माण झाला.

घरगुती व तयार मसाले : मसाले घरी कुटण्यामागे चवीइतकेच फसवणुकीचे भय होते. फ्रेडरिक ॲकम यांनी १८२० मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नभेसळीवरील ग्रंथात जवसाची पेंड, चिकणमाती व लाल तिखट यांपासून बनविलेल्या खोट्या मिऱ्यांचे वर्णन आहे. अख्ख्या दाण्यांची ही स्थिती, तर पुडीत भेसळ करणे त्याहून सोपे होते. त्यामुळे अख्खे मसाले निवडून घेऊन घरी कुटणे ही गृहिणीची दक्षता मानली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद वेष्टनातील मसाले पुढे आले. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यात १८६७ मध्ये विल्यम बेल यांनी सेज, रोजमेरी, थाइम, मार्जोरम इत्यादींचे मिश्रण विक्रीस आणले; आभारदिनाच्या टर्कीसाठी ते आजही वापरले जाते. तयार मसाल्याने श्रम वाचले; परंतु घराघरातील प्रमाणभेद कमी होऊन चव एकसारखी होऊ लागली.

शास्त्रीय दृष्टी : चोळलेल्या मसाल्यापैकी मुख्यतः मीठच मांसात खोलवर शिरते. मांसाच्या वजनाच्या सु. १ ते १·५ टक्के मीठ आदल्या रात्री चोळल्यास मांस रसदार राहते व त्याचा पृष्ठभाग कोरडा होऊन चांगला भाजला जातो. लवंग व ऑलस्पाइस यांतील यूजेनॉल, मिरीतील पायपरीन यांसारखी द्रव्ये पाण्यात अल्प प्रमाणातच विरघळत असल्याने पृष्ठभागालगतच राहतात. खमंग तपकिरी कवच हे प्रथिनांतील ॲमिनो अम्ले व शर्करा यांच्यातील विक्रियेने बनते. लूई कामीय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. साखर जास्त झाल्यास किंवा पाला फार बारीक असल्यास ते करपतात. म्हणून प्रखर आचेसाठी साखर कमी ठेवतात. कुटलेल्या मसाल्यातील बाष्पनशील तेले लवकर उडून जात असल्याने मसाला ऐनवेळी कुटणे श्रेयस्कर असते.

सोऱ्याचे कार्य निराळे आहे. त्यातील नायट्रेटाचे सूक्ष्मजंतूंमुळे नायट्राइट बनते. ते मांसास गुलाबी रंग देते व घातक विष निर्माण करणाऱ्या जंतूंना रोखते. मात्र जादा नायट्राइट स्वतःच विषारी असते. त्यामुळे जुन्या ग्रंथांतील सोऱ्याची अदमासे दिलेली प्रमाणे आज घरी वापरणे सुरक्षित नाही. त्याऐवजी ठराविक प्रमाणात मिसळलेले प्रमाणित क्षार वापरतात. लगेच भाजावयाच्या ताज्या मांसास सोऱ्याची गरजच नसते. त्याला मीठ, मसाले व पाला पुरेसा होतो.