महिलांचे शक्तिप्रशिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचे भारोत्तोलन होते. स्त्रियांना त्या मंचावर स्थान मिळाले ते २००० साली, सिडनी येथे. या १०४ वर्षांच्या विलंबाचे कारण शरीरशास्त्रापेक्षा ‘नाजूक स्त्री’ या रूढ कल्पनेत शोधावे लागते. स्त्रियांची पहिली जागतिक भारोत्तोलन स्पर्धासुद्धा १९८७ मध्येच भरली. सिडनीत कर्णम मल्लेश्वरी यांनी ६९ किलो गटात ११० व १३०, असे एकूण २४० किलो वजन उचलून कांस्यपदक मिळविले. ऑलिम्पिक पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

पदकाचा प्रश्न थोड्यांचा. हाडांचा मात्र सर्वांचा आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांची झीज वेगाने होते आणि नियमित भारव्यायामाने ती रोखण्यास मदत होते. म्हणूनच महाविद्यालयीन व्यायामशाळेत मुलींची अनुपस्थिती ही केवळ क्रीडाविभागाची बाब मानता येत नाही.